हातपाय गाळण्याचे धैर्य

मराठीत संकटाची भाषा पुष्कळ अंशी पाण्याची भाषा आहे. माणूस अडचणीत सापडला की त्याच्या नाकातोंडात पाणी जाते. मार्ग सापडेनासा झाला की तो गटांगळ्या खातो. एखाद्याच्या मनाचा अंदाज येत नाही तेव्हा त्याचा ठाव लागत नाही, असे आपण म्हणतो. सुटकेसाठी माणूस हातपाय मारतो आणि धीर सुटला की हातपाय गाळतो. संतांनी तर अवघ्या संसारालाच भवसागर म्हटले आणि मुक्तीला पैलतीर. साहित्याची विद्यार्थिनी आणि पुढे अध्यापिका म्हणून ही सारी भाषा मी चाळीस वर्षे वापरली. तिच्यातील रूपके उलगडून दाखवली, त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न काढले, शोधनिबंध तपासले. या सर्व काळात मी स्वतः गुडघ्याहून खोल पाण्यात कधीही उतरले नव्हते. ही गोष्ट मला कोणी विचारली नाही आणि मीही ती कोणाला सांगितली नाही.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी, २०१८च्या उन्हाळ्यात, मी पोहायला शिकले. या घटनेत कौतुक करण्यासारखे फारसे काही नाही. उतारवयात पोहायला शिकणारी माणसे कोणत्याही शहरातील तरणतलावावर दिसतात. ती घटना येथे नोंदवण्याचे कारण वेगळे आहे. त्या दोन महिन्यांत एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि तो पोहण्यापुरता मर्यादित राहिला नाही. भयाचे किती ऐकावे? आणि त्याहून अवघड असे की, आपले भय दुसऱ्याच्या हाती वारसा म्हणून देण्याचा अधिकार आपल्याला असतो काय?

माझा जन्म १९५६चा, पुण्यातला. आमचे बिऱ्हाड मुठेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका पेठेतील वाड्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याचे बांधकाम तोवर पुरते संपलेले नव्हते आणि त्या पावसाळ्यात त्यात प्रथमच पाणी साठवले जात होते. त्याच्या लोंढ्यापुढे खालच्या अंगाचे खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी टिकले नाही. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि मातीचे जुने वाडे कोसळले. महाराष्ट्राबाहेरील वाचकाला पानशेत हे नाव कदाचित परिचयाचे नसेल. पुण्यातील माझ्या पिढीची माणसे मात्र कौटुंबिक आठवणींची विभागणी अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी करतात.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला काय आठवते आणि काय ऐकून आठवते, हे आता वेगळे करता येत नाही. काकांच्या खांद्यावरून पाहिलेला गढूळ, वाहता रस्ता बहुधा माझा स्वतःचा आहे. शेजारचे घर खाली बसतानाचा आवाज बहुधा आईच्या सांगण्यातला आहे. माजघराच्या भिंतीवर उमटलेली पुराची रेघ मात्र निश्चितपणे माझी, कारण ती पुढे अनेक वर्षे तेथे होती. दिवाळीला चुन्याचा हात दिला की ती नाहीशी होई आणि पावसाळ्यात ओल धरून पुन्हा वर येई. आणखी एक गोष्ट मला आठवते. पूर ओसरल्यावर नळाला पाणी नव्हते, कारण ज्या धरणातून शहराला पाणी येई तेच फुटले होते. पाण्याने सर्वस्व नेलेल्या घरातील बायका हंडे घेऊन पाणी शोधत हिंडत होत्या. पाण्याच्या या दोन रूपांचा अर्थ लावण्याचे माझे ते वय नव्हते. आईने त्यांपैकी एकच रूप लक्षात ठेवले.

त्या दिवसानंतर आई नदीच्या पायरीवर उतरली नाही. ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत ती जाई, पण तेथूनच मागे फिरे. गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी ती वाड्याच्या दारातूनच नमस्कार करी. आणि तिच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसले: "पाण्याशी खेळ नको." हे वाक्य तिने आम्हा तिन्ही मुलांना सांगितले, पण लागू झाले ते एकालाच. माझे दोन्ही थोरले भाऊ सुटीत आजोळच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळलेले भोपळे बांधून मामांनी त्यांना विहिरीत सोडले आणि आई त्या वेळी घरात देवापुढे बसून राहिली. मुलग्यांना पोहता यायला हवे, असे वडिलांचे म्हणणे होते आणि त्यापुढे आईचे भय चालले नाही. माझ्या बाबतीत मात्र आईचे भय आणि घराची रीत यांचे एकमत झाले. मुलीला पोहून काय करायचे? माझे भय असे दोन सुतांचे होते: एक पुराने दिलेले आणि दुसरे रीतीने. पुढे कित्येक वर्षे मी त्यातले पहिलेच खरे मानले, कारण ते अधिक करुण होते.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिच्या शाळेने पोहण्याचे शिबिर काढले होते. मी तिला पाठवले नाही. तिने फार हट्ट केला नाही. मी काय बोलले ते मला शब्दशः आठवते, कारण ते माझे शब्दच नव्हते. "पाण्याशी खेळ नको," असे मी म्हणाले.

२०१८च्या फेब्रुवारीत बंगळूरहून माझ्या सात वर्षांच्या नातीचा फोन आला. तिच्या वसाहतीतील सगळ्या मुली पोहण्याच्या वर्गाला जाणार होत्या आणि तिला परवानगी मिळालेली नव्हती. तक्रार करता करता ती म्हणाली, "आजी, आई म्हणते, पाण्याशी खेळ नको." माझी आई २००७ साली गेली. या पणतीला तिने पाहिलेही नव्हते. आईचे दागिने, तिची भांडी, तिच्या हातच्या पदार्थांची चव यांपैकी त्या मुलीपर्यंत काहीच पोचले नव्हते. पोचले होते ते हे एक वाक्य. आणि ते मी पोचवले होते.

मुलीला मी लगेच सांगू शकले असते की, पाठव तिला. परंतु ज्या तोंडाने मी तीस वर्षांपूर्वी नाही म्हटले त्याच तोंडाने आता हो म्हणण्याला काय किंमत होती? माझे भय जागच्या जागी ठेवून मी तिला तिचे भय सोडायला सांगणार होते. उपदेश आणि आचार यांतील हे अंतर दुसऱ्यांच्या साहित्यात शोधण्यात माझे आयुष्य गेले आहे. एप्रिलमध्ये मी घराजवळच्या तरणतलावावर स्त्रियांच्या वर्गात नाव घातले.

पहिल्या दिवशी भयाच्या आधी लाज भेटली. पोहण्याचा पोशाख, डोक्यावर रबरी टोपी, विद्यार्थिनीच्या वयाच्या मुलींसमोर उघडे पडलेले वृद्ध पाय. साडीच्या निऱ्यांआड आणि व्यासपीठाच्या टेबलाआड वावरण्याची सवय झालेल्या शरीराला असे उभे राहणे ठाऊक नव्हते. आमची प्रशिक्षिका पंचविशीची मुलगी होती. माझी पदवी तिला माहीत नव्हती आणि असती तरी तिला तिचा काही उपयोग नव्हता. ती मला काकू म्हणे. पाणी साडेतीन फूट खोल होते, म्हणजे माझ्या कमरेच्या थोडे वर. तेवढ्या पाण्यात मी दोन आठवडे भिंतीचा कठडा सोडला नाही.

त्या दोन आठवड्यांत ज्ञानाविषयी एक गोष्ट कळली. शरीर पाण्यावर का तरंगते हे मला शाळेपासून माहीत होते. आर्किमिडीजचा सिद्धान्त मी पाठ केला होता. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छाती श्वासाने भरलेली असली तर बहुतेक शरीरे गोड्या पाण्यातसुद्धा थोडीशी वरच राहतात. यात शंका घेण्याजोगे काही नाही. तरीही कठड्यावरची बोटे सुटत नव्हती. बुद्धीने मान्य केलेली गोष्ट बोटांपर्यंत पोचत नव्हती. ज्ञान झाले म्हणजे आचरण बदलते, हा माझ्यासारख्या पुस्तकी माणसाचा ठाम समज. त्या समजाची परीक्षा साडेतीन फूट पाण्यात झाली.

प्राचीन ग्रीकांच्या एका विनोदसंग्रहात एका पंडिताची गोष्ट आहे. तो पोहायला जाऊन बुडता बुडता वाचतो आणि शपथ घेतो की, पोहायला शिकल्याखेरीज पुन्हा पाण्यात उतरणार नाही. पुढे हेगेलने कान्टवर टीका करताना याच पंडिताचे उदाहरण घेतले. जाणण्याआधी जाणण्याच्या शक्तीचीच तपासणी करू पाहणे म्हणजे पाण्यात उतरण्याआधी पोहायला शिकू पाहणे, असा त्याचा आक्षेप होता. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही आपल्याकडची म्हण हेच सांगते. मी ती गोष्ट वर्गात अनेकदा सांगितली होती आणि विद्यार्थी दरवेळी हसत. तो हास्यास्पद पंडित कोण, हे मला कठडा धरून उभी असताना कळले.

तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षिकेने मला उताणे तरंगायला लावले. तिचा एक हात माझ्या मानेखाली होता आणि दुसरा पाठीखाली. कान पाण्यात गेले, बाहेरचे आवाज बंद झाले आणि मी घाबरून डोके वर उचलले. त्या क्षणी माझे पाय खाली गेले, कंबर बुडाली आणि नाकातोंडात पाणी गेले. असे पाच-सहा वेळा झाले. तेव्हा ती म्हणाली, "काकू, तुम्ही वाचायला डोकं वर काढता ना, त्यानंच बुडताय. अंग सैल सोडा. हातपाय गाळून टाका."

मला हसू आले. तिला ते कळले नसावे. हातपाय गाळणे म्हणजे धीर सोडणे, हा अर्थ मी आयुष्यभर शिकवला होता. आणि ही मुलगी मला धीर धरण्यासाठी हातपाय गाळायला सांगत होती. ती म्हणत होती ते शास्त्रदृष्ट्याही बरोबर होते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलो वजनाचे असते. ते पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी वाहते. पाण्याबाहेर काढले की तो भार उरलेल्या शरीराला वाहावा लागतो आणि पाय खाली जातात. ताठरलेले शरीर श्वासही नीट घेत नाही, त्यामुळे छातीतील हवा कमी होते. म्हणजे बुडण्याच्या भयाने माणूस ज्या ज्या गोष्टी करतो, त्या त्या त्याला बुडवणाऱ्या असतात. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, हे आपण ऐकलेले असते. तेही याच जातीचे.

येथे मला एक भेद करावासा वाटतो. भयाची साक्ष ही एक गोष्ट आहे आणि भयाचा सल्ला ही दुसरी. पाणी माणसाला मारू शकते, ही माझ्या भयाची साक्ष होती आणि ती खरी होती. १९६१ साली ती आमच्या डोळ्यांदेखत खरी ठरली होती. भय हा भ्रम आहे, असे सांगून कोणी माझी समजूत काढली असती तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता, आणि ते योग्यच झाले असते. परंतु साक्षीदार प्रामाणिक असला म्हणून तो सुज्ञ सल्लागार ठरत नाही. डोके वर काढ, हात आवळ, मिळेल ते धरून ठेव, हा भयाने दिलेला सल्ला पाण्यात चुकीचा असतो. आपण बहुधा दोन टोकांच्या चुका करतो: भयाचा सल्ला मोडायचा म्हणून त्याची साक्षही खोटी ठरवतो, किंवा साक्ष खरी म्हणून सल्लाही पाळतो. आईची चूक दुसऱ्या प्रकारची होती. तिने जे पाहिले त्याविषयी ती खोटे बोलत नव्हती. तिने त्यातून जो नियम काढला तो मात्र आम्हाला पाण्यापासून वाचवणारा नव्हता.

मग धैर्य कशाला म्हणावे? प्लेटोच्या 'लॅकीझ' या संवादात सॉक्रेटिस दोन सेनापतींशी याच प्रश्नावर बोलतो. धैर्य म्हणजे मनाची चिकाटी, अशी व्याख्या लॅकीझ करतो. सॉक्रेटिस त्याला विचारतो की, विहिरीत उडी घेणाऱ्या दोघांपैकी अधिक धीट कोण: ज्याला ती विद्या अवगत आहे तो, की नाही तो? लॅकीझला विद्या नसलेला अधिक धीट वाटतो. पण तो अधिक मूर्खही आहे, हे त्याला कबूल करावे लागते, आणि धैर्यासारखा थोर गुण मूर्खपणाशी जोडला गेल्याने चर्चा अडते. 'प्रोटॅगोरस' या संवादात हेच विहिरीचे उदाहरण उलट बाजूने येते. पाणबुडे निर्धास्तपणे विहिरीत उतरतात ते त्यांना ज्ञान असते म्हणून. परंतु ज्याला धोकाच उरला नाही त्याच्या निर्धास्तपणाला धैर्य का म्हणावे, ही अडचण तेथेही मागे राहते.

अथेन्समधील विहिरी आणि माझ्या आजोळची विहीर यांच्यात सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण मामांनी पाठीला भोपळे बांधून माझ्या भावांना पाण्यात सोडले तो प्रसंग या संवादांत बसत नाही. भावांना विद्या नव्हती आणि तरी ते मूर्ख नव्हते. ते शिकत होते. सॉक्रेटिसच्या प्रश्नात जाणता आणि अजाण असे दोनच पुरुष आहेत. त्या दोघांच्या मधला, शिकणारा, त्यात नाही. माझ्या मते धैर्याचे खरे स्थान त्या मधल्या माणसापाशी आहे. जाणत्याला त्याची गरज उरत नाही आणि अजाणाला त्याची गरज कळलेली नसते. ज्याला धोका कळला आहे आणि विद्या अजून आलेली नाही, त्या मधल्या काळात माणूस कशाच्या आधाराने उभा राहतो, हाच धैर्याचा प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, धैर्याची कृत्ये करीत गेल्यानेच माणूस धैर्यवान होतो. ते खरे आहे. तथापि पहिले कृत्य कोठून येते? माझ्या बाबतीत ते माझ्यातून आले नाही. ते मानेखालच्या एका हातातून आले. आधी मला पाण्याचा विश्वास आला नाही; त्या हाताचा आला. सांगड हा शब्द आपण आता दोन कल्पना जोडण्यासाठी वापरतो; पण सांगड म्हणजे मुळात पाण्यावर तरंगण्यासाठी एकत्र बांधलेली गोष्ट. धैर्याविषयी आपण बोलतो ते एकट्या वीराचा गुण म्हणून. शिकणाऱ्याचे धैर्य मात्र नेहमी सांगडीचे असते.

ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाचे मी अनेक वर्षे अध्यापन केले. गीतेने दैवी संपत्तीच्या गुणांत अभयाला पहिले स्थान दिले आहे आणि ज्ञानदेवांनीही त्याला अग्रपूजेचा मान देऊन विवरणाला सुरुवात केली आहे. त्यांनी तेथे योजलेल्या दृष्टान्तांतील दोन पाण्याचे आहेत, हे माझ्या ध्यानात आले ते तरणतलावावरून परतल्यावर पुन्हा ग्रंथ उघडला तेव्हा. पहिल्यात ते म्हणतात की, जो महापुरात स्वतःला घालत नाही त्याला बुडण्याची धास्ती नसते. त्याप्रमाणे अहंकार उठू दिला नाही की संसाराचा दरारा राहत नाही. दुसऱ्यात पाणी मिठाला बुडवायला येते, तोवर मीठच पाणी झालेले असते. तसे अद्वैत झाले की भय नाहीसे होते. दुसरे कोणी असते तेथेच भय असते, या बृहदारण्यकोपनिषदातील विचाराशी हा दृष्टान्त जुळतो.

पहिला दृष्टान्त वाचताना मला आईचा आवाज ऐकू आला. ज्ञानदेवांना अभिप्रेत असलेला अर्थ अहंकाराविषयी आहे, नदीविषयी नाही, हे मी जाणते. तरी दृष्टान्ताचा शब्दार्थ घेतला तर तो आईचाच नियम आहे: पुरात जाऊ नये, म्हणजे भय नाही. दुसरा दृष्टान्त त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा: पाणीच व्हावे, म्हणजे बुडणार कोण? अध्यात्मात हे दोन्ही मार्ग खरे असतील. पाण्यात उतरलेल्या सामान्य माणसाला मात्र त्यांपैकी एकही मोकळा नसतो. तो काठावर नसतो आणि तो मीठही नसतो. पाणी त्याच्यासाठी दुसरेच राहते, आणि धोक्याचेही राहते. त्याला शिकायचे असते ते या दुसऱ्याशी वागणे: त्याला जिंकायचे नाही, त्याच्यात विरायचे नाही, त्याचा भार घेण्याचा गुण ओळखून आपला भार त्याच्यावर टाकायचा. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत या गुणांना सेनेची उपमा दिली आहे आणि आघाडीला अभय व पिछाडीला नम्रता असल्याचे दाखवले आहे. पाण्यात त्या दोन टोकांमधील अंतर फारच कमी असते. डोके वर काढण्याचा हट्ट सोडणे ही नम्रता आणि डोके पाण्यावर टेकणे हे अभय. या दोन क्रिया नसून एकच क्रिया आहे.

परंतु येथे थांबले तर हे विवेचन अप्रामाणिक होईल. पाण्यावर भार टाकण्यासाठी आधी पाण्यापर्यंत पोचावे लागते. आमच्या घरात मुलग्यांना विहीर मोकळी होती आणि मला नव्हती, एवढ्या अनुभवावरूनही कळते की भय सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. समाज ते वाटून देतो. ज्यांना पाण्याला स्पर्श करण्याचीच बंदी होती त्यांच्यापुढे माझी तक्रार लहान आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच पुण्यात, आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झाल्यानंतरही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह जाऊन त्याचे पाणी प्यावे लागले, आणि त्याबद्दल त्या लोकांनी मार खाल्ला. त्या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नव्हतो, आम्ही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी येथे आलो आहोत, या आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तळ्याच्या पायऱ्या उतरणाऱ्यांचे भय पाण्याचे नव्हते, काठावरच्या माणसांचे होते. आणि तरीही त्या उतरण्यात मला शिकणाऱ्याचेच धैर्य दिसते: धोका कळलेला, यशाची खात्री नाही, शेजारच्या माणसाचा आधार आहे. पाण्याच्या भयाविषयी लिहिताना काठाचा विचार केला नाही तर लिहिणारा नेहमी सुरक्षित काठावरचा असतो.

मी पोहायला शिकले, म्हणजे किती शिकले? जून अखेरीस मी तलावाची रुंदी न थांबता पार करू लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात लांबीही. शैली म्हणावी असे त्यात काही नाही. माझे भय गेले काय, असे मला विचारतात. ते गेलेले नाही. तलावाच्या खोल भागावर आले की फरशीचा रंग गडद होतो आणि छातीत अजूनही काही आवळते. आता मी त्याचे म्हणणे ऐकते आणि श्वास सोडते. शिवाय १९६१सारखा लोंढा आला तर माझे हे पोहणे काहीही कामाचे नाही, हेही मला कळते. पट्टीचे पोहणारेही पुरात टिकत नाहीत. ज्या भयाने मी वाढले त्याच्यावर हे उत्तर नव्हेच. पुरावरचे उत्तर धरणे नीट बांधण्यात आणि वेळेवर इशारा देण्यात असते, एकेका माणसाच्या हातापायांत नसते.

उत्तर आहे ते दुसऱ्या गोष्टीवर, भयाच्या वारशावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. हे टाळण्यासाठी ती संघटना जे उपाय सुचवते त्यांत लहान मुलांना पाणवठ्यापाशी एकटे न सोडणे, धोक्याच्या पाण्याला कुंपण घालणे यांबरोबरच शाळकरी मुलांना पोहण्याचे प्राथमिक शिक्षण देणे हाही उपाय आहे. आईच्या वाक्यातील कुंपण बरोबर होते, ते आयुष्यभराचे असणे बरोबर नव्हते. आपण मुलांना भय देतो तेव्हा आपल्याला वाटते की आपण त्यांना संरक्षण देत आहोत. त्यांतली साक्ष त्यांना द्यावी. ती आपली जबाबदारीच आहे. पुराची रेघ कोठवर आली होती, हे मुलांना दाखवलेच पाहिजे. पण सल्ला देताना तो आपण स्वतः कधी तपासला आहे काय, हे विचारून घ्यावे. न तपासलेले भय पुढच्या पिढीला देण्याचा अधिकार प्रेमालासुद्धा नाही, असे मला वाटते. माझ्या आईला हे तपासण्याची संधीच मिळाली नाही. मला ती होती आणि मी ती चाळीस वर्षे घेतली नाही; म्हणून दोष द्यायचा तर तो तिला नव्हे, मला.

२०१९च्या मे महिन्यात मी बंगळूरला गेले. नात तोवर पोहू लागली होती. मी शिकायला जाते आहे हे कळल्यावर मुलीने तिला काही न बोलता वर्गात घातले होते. एका संध्याकाळी आम्ही दोघी तलावात होतो आणि मुलगी काठावर खुर्ची टाकून बसली होती. नात मला उताणे तरंगायला शिकवत होती; मला ते येते हे तिला मान्य नव्हते. तिने तिचा छोटा हात माझ्या मानेखाली ठेवला. त्या हाताने माझा भार पेलला गेला नसता हे उघड होते, आणि तरीही मी डोके टेकवले.

मुलीला मी त्या दिवशी पाण्यात बोलावले नाही. तिचे भय मी दिलेले असले तरी आता ते तिचे आहे, आणि त्याची साक्ष किती व सल्ला किती, हे तिनेच ठरवायचे आहे. कान पाण्यात असल्यामुळे ती काठावरून काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. वर येऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. आजीला पडताना पाहिलं असतंस तर काय वाटलं असतं, तेच मनात आलं." आजी म्हणजे माझी आई. मी तिला सांगितले की, तिला पाहवले नसते. आणि थोड्या वेळाने हेही सांगितले की, भाऊ विहिरीत उतरले तेव्हा ती देवापुढे बसून राहिली होती, पण तिने त्यांना परत बोलावले नव्हते.